ओलीटाची दोन वर्षं

शुक्रवारी सकाळी ओलीटानं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते दुखण्याचं नाही, औषधाचं पण नाही. म्हणाली, "आज बारा तारीख ना?"

मी म्हणलं, "हो. का गं?"

"मग केलिनला हाक मार. आणि तू बस. उभ्यानं ऐकू नकोस, पडशील."

ओलीटा माझी धाकटी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बावन्न वर्षांची. आमच्या डोंगरातल्या हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं नर्स होती. फेब्रुवारीत पोटात कॅन्सर निघाला, डॉक्टरनं नुसती मान हलवली, आणि मी तिला माझ्या घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट लावली. घरी बघायला लोना नावाची नर्स यायची, एक दिवसाआड. तिला ओलीटानंच शिकवलेलं. चाळीस वर्षांची बाई, पण ओलीटाची नाडी बघताना अजून गोंधळायची, अंगठाच लावायची. ओलीटा डोळे मिटून म्हणायची, "लोना, अंगठ्यानं नाही. बोटांनी."

केलिन म्हणजे माझी मुलगी. उशिरा झालेली, चाळिशीत. तिचा बाप ओहायोला कामाला म्हणून गेला तो गेलाच, म्हणून पोरगी मी आणि ओलीटानं मिळून वाढवलेली. ती आतून आली, हातात काडीला लावलेला स्पंज आणि आल्याच्या सोड्याचा पेला. मावशीचं तोंड सारखं कोरडं पडायचं, ते ती ओलं करायची.

ओलीटा म्हणाली, "उशीखालचं पाकीट काढ आणि आईला वाचून दाखव."

केलिनचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, आत्ता नको ना."

"मग कधी? मी गेल्यावर? वाच."

मी आठवीतनं शाळा सोडलेली, मला जड कागद वाचता येत नाहीत, हे दोघींना माहीत. केलिननं वाचलं. आमच्या इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजातनं आलेलं पत्र. नर्सिंगच्या वर्गात हिला जागा मिळालीय, ऑगस्टपासून, आणि शुक्रवार बारा तारीख, दुपारी चारच्या आत सही करून कळवा.

मी म्हणलं, "हे कुठनं आलं? ही तर लेक्सिंग्टनला चाललीय!"

खरंच चालली होती. शहरातलं चार वर्षांचं मोठं कॉलेज, पूर्ण डिग्री, निम्मी फी माफ. होकार कळवून झाला होता. तिथल्या पलंगाच्या मापाच्या लांबड्या चादरी मी घेऊन ठेवल्या होत्या, आमच्या घरातल्या एका पलंगाला बसतील तर शपथ. गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं नाव चिकटवलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी काम करते, तिथं एक बाई राहिली नव्हती जिला मी सांगितलं नव्हतं.

"माझ्या पाठीमागं उद्योग केलात दोघींनी?" मी म्हणलं.

ओलीटा म्हणाली, "पाठीमागं कुठं? तू स्वयंपाकघरात होतीस. ताई, तू पोरीला एकदा तरी विचारलंस का, तिला काय पाहिजे?"

"अठराची आहे ती. तिला काय कळतंय!"

"मी पण अठराचीच होते," ओलीटा म्हणाली.

झालं. हेच, नेमकं हेच, मी चौतीस वर्षं छातीत धरून बसले होते.

आता ते सांगते. एकोणनव्वद साल. ओलीटा शाळेत पहिली आली होती. लेक्सिंग्टनच्या चार वर्षांच्या नर्सिंगला तिचा नंबर लागला. आमच्या घरात कॉलेजात कोणी म्हणजे कोणीच गेलेलं नाही, डॅडी चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेले. त्या साली डॅडींच्या छातीत कोळशानं जागाच ठेवली नव्हती, नाकाला ऑक्सिजनची नळी. आई आधीच गेलेली. मी सकाळी सहाला शाळेत जायची, दोनला परत, मग डॅडी. रात्र पण डॅडीच. मी चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं माझं वय साठ आहे.

मी ओलीटाला म्हणलं, "चार वर्षं माझ्याच्यानं निघणार नाहीत. दोन वर्षांवालं पण आहे ना इथं, चाळीस मिनिटांवर. त्याच्या पण शेवटी नर्सच होतात, सरकारी परीक्षा दोघींना एकच असते म्हणतात. दोन वर्षं कर आणि ये माझ्या मदतीला."

तिनं लेक्सिंग्टनचं पत्र बायबलमध्ये ठेवून दिलं आणि इथल्या कॉलेजात नाव घातलं.

आणि काय झालं माहितीय? पहिलं वर्ष गेलं नुसतं शरीरशास्त्र, रसायन, गणित असल्या विषयांत. ते झाल्याशिवाय नर्सिंगला अर्जच करता येत नव्हता. ते झाल्यावर कळलं, नर्सिंगला यादी असते. चाळीस जागा आणि दोनशे नावं. ओलीटाचा नंबर लागायला आणखी एक वर्ष. ते वर्ष तिनं वृद्धाश्रमात लोकांना आंघोळी घालण्यात काढलं. मग कुठं खरी दोन वर्षं सुरू झाली. म्हणजे एकूण झाली चार! डॅडी तिसऱ्या वर्षी गेले. नर्सची पिन तिच्या छातीवर लागली तेव्हा बघायला मीच एकटी.

चार वर्षांचं शिक्षण नको म्हणून दोन वर्षांचं घ्यायला लावलं, आणि लागली चारच. लेक्सिंग्टनला गेली असती तर त्याच उन्हाळ्यात मोठी डिग्री घेऊन आली असती. आणि ते केलं कोणी? मी.

बरं, नोकरी लागली लगेच, पगार पण तेवढाच. बिल्ल्यावर नावापुढं अक्षरं तीच. खाटेवरच्या माणसाला काय फरक पडत नव्हता. पण वॉर्डाची मुख्य नर्स करायची वेळ आली, की चार वर्षांवाली पाहिजे. दोनदा असं झालं. दोन्ही वेळा जिला जागा मिळाली तिला ओलीटानंच सुई धरायला शिकवलेलं. दोन्ही वेळा ओलीटा ड्यूटीवरनं माझ्या घरी आली आणि ओव्हनची आतली भट्टी घासत बसली. मी बाहेर ओट्यावर बसून तो घासायचा आवाज ऐकायची. प्रत्येक घासणीला वाटायचं, हे माझ्यावर चाललंय.

मग ती सत्तेचाळीसची झाली तेव्हा हॉस्पिटलनं कागद लावला, पाच वर्षांत सगळ्यांनी मोठी डिग्री घ्यायची, नाहीतर वॉर्ड सोडायचा. तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून हिनं ती केली, दीड वर्षात, ड्यूटी करून. मी बाजूला बीन्स आणि मक्याचा ब्रेड ठेवायची, तो गार व्हायचा. सगळे निबंधच निबंध. एक निबंध होता पेशंटचं ऐकून कसं घ्यावं. मास्तरणीनं खाली शेरा मारला, "विषय चांगला मांडला आहे. विद्यार्थिनीनं थोडा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा." ओलीटा इतकी हसली, इतकी हसली की खुर्चीवरनं घसरली. मी हसले नाही. मला रडू आलं होतं.

म्हणून केलिननं नर्स व्हायचं म्हणलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं. लेक्सिंग्टन. चार वर्षं. मी परत कुणाचं अर्धं करणार नाही.

शुक्रवारी हे सगळं मी ओलीटाला पहिल्यांदा बोलले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. ती ऐकत होती, मधे मधे श्वास पुरत नव्हता तिला. मग म्हणाली, "म्हणजे माझं राहिलेलं ताट तू पोरीपुढं सरकवतेस. तिला भूक कशाची आहे ते बघत नाहीस."

"मी तुझं नुकसान केलं ओलीटा."

"आपण दोघींनी चुकीचं मोजलं, एवढंच. अगं, आपल्या घरातलं कोण गेलं होतं कॉलेजात? कुणाला माहीत होतं, दोन वर्षांच्या आधी पण वर्षं असतात!"

"तुला वाईट वाटलं नाही कधी? खरं सांग."

"वाटलं की. दोनदा. तुला शिव्या पण दिल्या मनातल्या मनात, चांगल्या सणसणीत. मग भट्टी घासली."

"मला माहीत होतं ते."

"माहीत होतं तर एकदा उठून घासू लागायचं होतंस."

केलिनला हसू फुटलं. मला पण. रडत होते आणि हसत होते.

ओलीटा म्हणाली, "तिसऱ्यांदा जागा निघाली, तेव्हा डिग्री होती माझ्याकडं. मला विचारलं त्यांनी. मीच नको म्हणलं."

हे मला माहीतच नव्हतं. "का?"

"खुर्चीत बसून सगळ्यांच्या रजा मांडायच्या, त्यात काय आहे? मला खाट पाहिजे. लेक्सिंग्टनला गेले असते तर दुसऱ्या वेगळ्याच बाईचं आयुष्य झालं असतं ते. तिचं बरं झालं असतं की वाईट, ती जाणे. माझं चांगलं झालं. तू ते चौतीस वर्षं वाहतेस, ताई, आणि मी कधीच खाली ठेवलंय. आता तू पण ठेव."

असं बोलली. मी जसंच्या तसं सांगते. माझ्या मानेवरनं काहीतरी उतरलं, खरंच उतरलं, मी खांदा चाचपून बघितला.

मग मी केलिनला विचारलं, "तू माझ्यासाठी थांबतेयस का? खरं बोल. माझ्यासाठी असेल तर मी तुला आत्ता गाडीत घालून लेक्सिंग्टनला सोडते."

ती म्हणाली, "आई, तुझ्यासाठी थांबायचं असतं ना, तर मी तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरातच बटाटे सोलायला आले असते. लेक्सिंग्टनला पहिली दोन वर्षं नुसती पुस्तकं. इथं ऑगस्टात शिरले की सप्टेंबरात खाटेपाशी. मला खाटेपाशी जायचंय. तीन महिने मावशीचं करतेय, त्यातच कळलं मला."

"पण ती आधीची वर्षं? आणि यादी?"

"ते विषय माझे झाले. शाळेतनंच दुपारचं कॉलेजला जायचे ना मी, अकरावी-बारावीत? मावशीनंच घ्यायला लावलेले. यादीत दुसरा नंबर आहे माझा."

मी ओलीटाकडं बघितलं. ती डोळे मिटून म्हणाली, "या वेळी नीट मोजलं."

"आणि मोठी डिग्री?"

"करीन की. नोकरी करता करता, हॉस्पिटलच्या पैशानं. मावशीनं पन्नाशीला केली, मी पंचविशीला करीन. आणि मास्तरणीनं शेरा मारला तर मावशीसारखी खुर्चीवरनं पडीन."

अकरा वाजत आले होते. ओलीटा म्हणाली, "आता सही करून देऊन ये. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला."

केलिन म्हणाली, "मी इथनं हलणार नाही."

"मूर्ख आहेस. नर्सनं पेशंट सांभाळायचा आणि कागद पण भरायचा. दोन्ही."

"मी अजून नर्स नाही," केलिन म्हणाली, आणि स्पंज परत सोड्यात बुडवला.

ओलीटा नंतर फार बोलली नाही. दुपारी लोना आली, बघितलं, माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाली आज संध्याकाळपर्यंत. औषधाचे थेंब वाढवून दिले. तिला पुढच्या घरी जायचं होतं, केलिनला म्हणाली, "तू आहेस ना? मग मी जाते." असं म्हणाली ती. अठरा वर्षांच्या पोरीला.

मी बसले होते ओलीटाचा हात धरून, आणि पहिल्यांदा मी माझ्या पोरीकडं नीट बघितलं. तिनं मावशीला कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, गुडघ्यांच्या मधे एक लावली. ओठाला मलम. थेंब जिभेखाली, मोजून. एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, आणि मी मात्र बघत होते. तीन वाजले, साडेतीन. मी म्हणलं, "केलिन, फोन तरी कर." ती म्हणाली, "आत्ता नाही." चार वाजले. चार वाजून गेले.

पाचच्या पुढं ओलीटाचा श्वास थांबून थांबून यायला लागला. मी घाबरले, मी डॅडींच्या वेळी पण घाबरले होते, पळत बाहेर गेले होते. केलिन म्हणाली, "आई, हे असंच होतं. आता अंतर वाढत जाईल. तिला त्रास होत नाहीये, कपाळ बघ, एक आठी नाही. तू हात सोडू नको, बोल तिच्याशी." मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. भट्टीचं बोलले बहुतेक. सहाला दहा कमी असताना एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. खिडकीत ऊन होतं अजून.

तीन महिने ती कण्हत होती. आता खोलीत आवाज नव्हता. पाप लागो पण खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

सोमवारी चर्चमधे झालं सगळं. हॉस्पिटलच्या बायका पांढऱ्या कपड्यांत आल्या, साठ-सत्तर तरी असतील, दोन वर्षांवाल्या, चार वर्षांवाल्या, सगळ्या एकाच रांगेत, कोण कुठली ते मला तरी ओळखू येईना. त्यांच्यात रीत आहे, लोना हातात पेटता दिवा घेऊन पुढं उभी राहिली आणि हजेरी घेतात तशी हाक मारली, "नर्स ओलीटा स्लोन." कोणी ओ दिली नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मारली. मग म्हणाली, "नर्स ओलीटा स्लोन, तुमची ड्यूटी संपली. आता आम्ही बघतो." आणि हातातला दिवा विझवला. केलिन माझ्या शेजारी ताठ बसली होती. मला वाटलं, हिची जागा तर गेली. पोरीनं मावशीपायी सोडली. मावशीनं तीन महिने खटपट करून मिळवली आणि मावशीपायीच गेली. आता लेक्सिंग्टनला जाईल, जाऊ दे, वाईट नाही ते. पण मला चैन पडेना. गंमत बघा, तीनच दिवसांपूर्वी मी त्याच लेक्सिंग्टनसाठी भांडत होते.

मंगळवारी सकाळी घर रिकामं. लोकांनी जेवणाची भांडी आणून दिलेली, सगळ्यांच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, ती धुवून परत करायची होती. केलिन बाहेर ओट्यावर टपात धूत होती. आत फोन वाजला. मी घेतला.

एक बाई म्हणाली, "केलिन आहे का? कॉलेजातनं बोलतेय."

"मी तिची आई."

"मला तिच्याशीच बोलावं लागेल बाई. नियम आहे."

"आमच्या घरात मयत झाली शुक्रवारी. म्हणून पोरगी आली नाही तुमच्याकडं."

"वाईट वाटलं ऐकून. पण तरी तिलाच द्या. पुढच्या नावाला जागा द्यायच्या आधी आम्ही एक फोन करतो, तो हा."

चौतीस वर्षांपूर्वी असा फोन आला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत आहे. मी दारात गेले, हाक मारली. "केलिन, तुझा फोन." ती हात पुसत आली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतेस? तुला विचारणार आहेत." आणि फोन तिच्या हातात देऊन बाहेर गेले. जाळीचं दार ओढून घेतलं. तिची जागा घेतली टपापाशी.

एक मोठं काचेचं भांडं घासायला घेतलं. आतनं आवाज येत होता. "हो... हो, मीच." मग, "घेते. हो, नक्की घेते. लेक्सिंग्टनला मी आजच कळवते." माझा हात थांबला. साबणाचं पाणी कोपरापर्यंत आलं होतं, ते आलेलं कळलंच नाही.

मग युनिफॉर्मचं चाललं असावं. मीडियम म्हणाली, लांबी म्हणाली. मग बुटांचं.

"साडेआठ," केलिन सांगत होती. "पण रुंद पाहिजेत. नाही, मॅडम, साधे नाही चालणार. आमच्या घरात सगळ्यांचेच पाय रुंद आहेत."